अक्का, ती कॉफी मी पाजली होती

अक्का, तुला जाऊन वीस वर्षं झाली, आणि तुझ्या हयातीत लेकीनं जे बोलायला हवं होतं ते मी आज कागदावर लिहीत बसले आहे.

चोपड्याजवळच्या आपल्या घरातली ती महाशिवरात्रीची दुपार. नानांनी उपाशीपोटी देवळातली भांग घातलेली थंडाई दोन पेले घेतली होती आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून ते मला सांगत होते की भिंत श्वास घेतेय. तू त्यांच्या शेजारी बसून म्हणालीस, "त्यासले निजू दे. हात धरीसन बस, उतरी जाई." मी तेव्हा धुळ्याला औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. उथळ पाण्याला खळखळाट फार. भांगेनं माणूस सुस्तावतो, कॉफीनं जागा होतो, म्हणजे एकावर दुसरं उतारा, असा माझा हिशोब. परीक्षेसाठी आणलेली कॉफीची बाटली काढली आणि तीन कप काळी कॉफी नानांना पाजली. "मना जीव धडधडस, नको वं," ते म्हणत होते. मी म्हटलं, "नाना, यातलं मला कळतं." तिसऱ्या कपानंतर ते थरथरायला लागले, तुलाही ओळखेनात, आणि धोतर ओलं झालं. शेजारी दारात उभे होते.

जीपनं तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कॉफी कोणी पाजली?" मी चपलांकडे बघत म्हणाले, "आईनं." डॉक्टर तुझ्यावर डाफरले, अडाणीपणा म्हणाले. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मनं चुकनं, साहेब." नाना दुसऱ्या दिवशी बरे झाले. त्या दुपारचं त्यांना काही आठवेना, म्हणून त्यांनाही शेवटपर्यंत तेच खरं वाटलं. आठवड्यानं मी एसटीत बसताना तू एक पुरचुंडी हातात दिलीस. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तीच बाटली होती. "तुनी परीक्षा शे," एवढंच म्हणालीस. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं.

आता मी जळगावात हेच शिकवते. फळ्यावर मेंदूतली पेशी काढते. थकवा आणणारं रसायन जिथे बसतं ती जागा कॉफी अडवते, तिथला ब्रेक निघतो, पण भांग तर वेगळ्याच जागी बसलेली असते, तिला कॉफी उठवत नाही. वर काळजाची धडधड दोघी मिळून वाढवतात आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. या दोघींचं आपसात नेमकं काय चालतं हे अजून पुरतं उलगडलेलं नाही, हेही सांगते. तुला पेशी ठाऊक नव्हती, पण हात धरून बसायचं ठाऊक होतं.

मुलांच्या लक्षात राहावं म्हणून शेवटी एक गोष्ट सांगते. ती ऐकून मुलं हसतात. हे पत्र फाडणार आहे, म्हणून लिहिते: कालच्या तासालाही मी सांगितलं, आमच्या खेड्यात एका अडाणी बाईनं नवऱ्याला कॉफी पाजली होती.