युसूफभाईचं करंजतेल

लातूर, गुरुवार, पोळ्यानंतरचा आठवडा. संध्याकाळ.

आज माझा नुसता जळफळाट झाला. इथं तरी खरं लिहितो.

माशा अन् चिलटांनी माझ्या चंद्री घोडीचं पोट चावून फोडून काढलंय. दुपारी स्टँडवर क्लासच्या दोन पोरी टांग्यात बसल्या. चंद्रीनं पाय झाडले, तशा घाबरून उतरल्या अन् रिक्षात गेल्या. शेजारी युसूफभाईच्या टांग्याची घोडी मात्र शांत. तिच्यावर एक माशी बसेल तर शपथ!

शेवटी त्याला उपाय विचारला. वाटलं, खरं सांगणार नाही. तर तो स्वतःच बाटली घेऊन घरी आला.

"नुसतं तेल चोळून काय होतंय भाऊ? आधी कडुलिंबाच्या पाण्यानं धुवाय पायजे. मंग करंजाचं तेल, त्यात कापूर."

त्यानंच धुतलं, त्यानंच चोळलं. अन् चंद्रीनं त्याच्या खांद्यावर मान टाकली.

भूकंपात गोठा तिच्या अंगावर पडला, तेव्हापासून तिनं कुणाच्याच खांद्यावर मान टाकली नव्हती. माझ्याही नाही. दोन वर्षं मी वाट बघत राहिलो, अन् याच्या खांद्यावर पहिल्याच दिवशी?

"लई गुणाची हाय," तो म्हणाला. मी चहासुद्धा विचारला नाही. बाटली ठेवून गेला बिचारा.

तो गेल्यावर तेच तेल माझ्या खांद्याला चोळलं अन् तिच्यापुढं उभा राहिलो. तिनं हुंगलं, अन् तोंड फिरवून कडब्यात घातलं.

तिच्या अंगावर माशी मात्र एकही नव्हती. तेही मला बघवलं नाही.