श्याम्या, मी आणि मेलाटोनिन

२६ जानेवारी, दुपार
सोसायटीची सत्यनारायणाची पूजा. बी-विंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या श्रुतिकाने श्यामसुंदरला विचारलं, "हे तुमचे बाबा का?" हे म्हणजे मी. वय ५४. श्याम्याही ५४, उलट तीन महिन्यांनी मोठा. मुलुंडच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. आणि हा गाढव म्हणाला, "हो, नमस्कार कर." ती वाकली. लाजिरवाणं म्हणजे मी "सुखी राहा" म्हणालो.
श्याम्याला सोडणार नाही.

२७ जानेवारी
आरसा पाहिला. तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर उन्हात काढली, त्याचे हे भोग. श्याम्याची नोकरी एसीत. त्यात केस काळे करतो. चीटिंग.

३० जानेवारी
लेख वाचला. अंधारात झोपलं की शरीर मेलाटोनिन बनवतं. त्वचेतही बनतं. उन्हाने होणाऱ्या नुकसानीशी, सुरकुत्यांशी ते लढतं म्हणे. 'संशोधन अजून सुरू आहे' असंही होतं, तेवढं सोडून दिलं.
ठराव: रोज साडेनऊला दिवे बंद. १ मेच्या झेंडावंदनाला श्रुतिकासमोर श्याम्याच्या शेजारी उभा राहीन. मग बघू कोण कोणाचा बाप.

३१ जानेवारी, सकाळ
साडेनऊला आडवा झालो. १ मेला श्याम्याचं तोंड कसं पडेल, याचा विचार करत दीडपर्यंत जागा. मेलाटोनिन किती बनलं ते कळायला मार्ग नाही.

१२ फेब्रुवारी
खिडकीला जाड काळा पडदा लावला. जयंती म्हणाली, नवरा पन्नाशीत चक्रम होतो हे लग्नात कुणी सांगितलं नव्हतं. अंधारात कपाटावर आपटलो. टेंगूळ. ते तरुणांनाही येतं.
लिफ्टमध्ये श्याम्या म्हणाला, थकलेला दिसतोस. हिशेबात धरलंय.

८ मार्च
डोळ्यांखाली काळं. सूड डोक्यात असला की झोप नाही, आणि झोप नाही तर सूड नाही. काहीतरी केलं पाहिजे.

१९ एप्रिल
झालं काम. भाचा मिहिर अमेरिकेहून आला होता, तो मेलाटोनिनच्या गोळ्या विसरून गेला. विमानप्रवासानंतर झोप लागावी म्हणून घेतो. जयंतीने बजावलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पटलं. म्हणून एकदाच घेणार, आणि सकाळी. रात्री घेऊन कुठल्या उन्हापासून वाचायचं? एवढी साधी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही.

१ मे, सकाळी ७.१०
दोन गोळ्या घेतल्या. जयंतीने सनस्क्रीन पुढे केलं, नको म्हणालो. आपलं संरक्षण आतून आहे. पहिल्या रांगेत बसणार, फोटोत चेहरा नीट येतो.
आज श्याम्याची वाट लागली.

१ मे, संध्याकाळ
मला राष्ट्रगीतापर्यंतचं आठवतं. पुढचं जयंतीने सांगितलं तसं लिहितो.
पहिली रांग सत्काराच्या ज्येष्ठ नागरिकांची होती. अनंतकाका आजारी, त्यांची खुर्ची रिकामी होती. तिच्यात मी, घोरत. प्रमुख पाहुणे बाहेरचे. ओळीने शाली घालत आले, मलाही घातली. मांडीवर नारळ ठेवला. कमिटीतलं कुणी अडवलं नाही, सगळे हसत होते. मग पोरांनी ओळीने नमस्कार केले. श्रुतिकाने दुसऱ्यांदा.
ऊन चढलं. मला हलवून पाहिलं, उठलो नाही. सगळे नाश्त्याला गेले, श्याम्या गेला नाही. जयंतीची फुलाफुलांची छत्री माझ्या डोक्यावर धरून तासभर उभा होता. जयंती उठवायला लागली तर म्हणाला, "राहू द्या वहिनी. जानेवारीपासून बघतोय, झोपलेला नाही हा."
पाहुण्यांनी जाताना त्याची पाठ थोपटली. असा मुलगा सगळ्यांना मिळो, म्हणाले.

४ मे
श्याम्याचं नाक आणि कपाळ भाजून निघालंय, साल सुटतेय. माझ्या चेहऱ्याला काही नाही. म्हणजे गोळीने काम केलं.
सूड पूर्ण झाला. मजा मात्र येत नाहीये. शाल डोळ्यांवर घेतली की मिट्ट अंधार होतो, तीन दिवस नीट झोपतोय.
जयंतीने कोरफड कापून दिली, ती द्यायला श्याम्याकडे गेलो. वाटेत तीन कडक शिव्या जुळवल्या. त्याने दार उघडलं, सोललेल्या नाकासकट खाली वाकला आणि म्हणाला, "या बाबा."
तोंडातून निघालं, "सुखी राहा."