नावं संपेपर्यंत

रविवार, दि. १७

तीर्थरूप आत्यास,
खारूताईचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, लागला! आमचा सिनेमा शुक्रवारी लागला! तोच, जिन्यावरून धावत सुटणाऱ्या शिक्षिकेचा. धावते ती नटी, पण पावलांचा आवाज माझा. स्टुडिओत लाकडी फळ्यांवर जोडे बदलून बदलून मी महिनाभर तिच्या वाटचं चालले. उन्हाळा सरता सरता तुमच्याकडे आमचा धरून तीन नवे सिनेमे लागलेत म्हणे. तू तिन्ही बघणारच, तर मत कळव. आडपडदा नको.

बाबांना मात्र सांगू नकोस. सिनेमासाठी पाय आपटायचे असतील तर आपल्या चपलांच्या दुकानाची पायरी चढू नकोस, असं ते म्हणाले, त्याला वर्ष होत आलं. त्यानंतर एक ओळ नाही.

लोभ आहेच, तो उत्तरातून लवकर पोचू दे.
तुझी खारूताई

शुक्रवार, दि. २२

चि. खारूताईस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तिन्ही पाहिले! पहिल्यातलं भूत इतकं बडबडं, की मला डुलकी लागली. दुसऱ्यात एवढी मोठी लढाई, पण हिरोचा एक केस हलेल तर शपथ. शेजारची बाई हुंदके देत होती, म्हणून मीही थोडं रडून घेतलं. तुझ्या सिनेमाची गोष्ट ठीकच, मध्यंतरापर्यंत रबरासारखी ताणलीय. पण तो जिना आला आणि अंगावर सर्रकन काटा! मी डोळे मिटून नुसतं ऐकलं.

आता रागावू नकोस. मी दादाला सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुला ठाऊक आहे. तो म्हणाला, तीन तास बसून गुडघे कोण दुखवून घेणार? आणि काल दुपारी गेले, तर दुकानाचं शटर खाली! शेजारचा घड्याळवाला म्हणाला, मालक इस्त्रीचा सदरा घालून कुठंसे गेलेत. मी अजून दादाला काही विचारलेलं नाही. कशी गप्प बसलेय, माझं मला माहीत!

लोभ आहे तसा राहू दे, वाढला तर उत्तमच.
आत्या

सोमवार, दि. २५

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही. सिनेमा पाहिला. हिरो उगाच रडतो. गाणी दोन जास्त आहेत. ती बाई जिना उतरताना डाव्या पायावर जोर देते. तू लहानपणी झोपाळ्यावरून पडलीस तेव्हापासून तशीच चालतेस. मी लगेच ओळखलं आणि शेजारच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, गप्प बसा. मी पुन्हा सांगितलं.

शेवटी नावं सुरू झाली तशी माणसं उठून चालू लागली. मी बसून राहिलो. झाडणारा आला, त्यालाही बसवलं. पण ती नावं इतकी पळवतात कशाला? चष्मा पुसेपर्यंत तुझं नाव निघून गेलं. म्हणून काल तुझ्या आत्याला घेऊन परत गेलो. या वेळी वाचलं. अक्षर बारीक आहे, पण शुद्ध लिहिलंय.

सिनेमा शुक्रवारी उतरणार, असं तिकीट खिडकीवर कळलं. गुरुवारची तीन तिकिटं काढली आहेत. मधली खुर्ची तुझी. लोभ वगैरे मला लिहिता येत नाही. तू ये.

बाबा