पट्टीखालचा वाढदिवस

मंगळवार, ४ मार्च

शाळेची पोरं येऊन गेली. पाच-पाच वर्षांची, नऊ जणं. सोबत नव्या लीस्बेत बाई. 'आपल्या गावातली माणसं' असा धडा आहे म्हणे. चाळीस वर्षं कालव्यावरचा पूल बोटींसाठी मी उघडला-मिटला, म्हणून माझा नंबर. "मुलांनी नुसतं बघायचं, वीत्से काका. बघायला शिकवतेय त्यांना." हे काय शिकवायचं? पोरं बघतातच!

कॉफी केली. पोरांना एकेक बिस्किट दिलं, डबा बंद केला. फेन्ना नावाची दात पडलेली पोरगी संडासात जाऊन आली, आणि सगळ्यांसमोर — "आजोबा, तिथे भिंतीवर वाढदिवस लटकलेत. एकावर पट्टी चिकटवलीये. त्याचा वाढदिवस येत नाही का?"

घरच्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगायचं, ही इथली रीतच. बाई खाली बघून हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

बुधवार, ५ मार्च

बाई ड्राख्टेनची! बेकरीत कळलं. माझी बहीण हिस्के ड्राख्टेनलाच राहते. पट्टी आहे ती तिच्याच नावावर. म्हणजे हे सैन्य तिनेच धाडलंय.

शुक्रवार, ७ मार्च

डोक्यातून जात नाही. अकरा वर्षं झाली. आईला पोचवून आलो, सगळे कॉफीला बसले, आणि साखरेचा चांदीचा चमचा आईच्या कपाटाच्या खणात नाही! टोकाला कोंबडा असलेला, आजीच्या वेळचा. कपाटाच्या खोलीत एकटी हिस्के जाऊन आली होती. मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालो, "पर्स उलटी कर."

तिने केली. चष्मा, रुमाल, पेपरमिंट, बसचं तिकीट. चमचा नाही. कोटात लपवला असणार! सगळं परत भरलं आणि निघून गेली. पुन्हा या घरात आली नाही.

आता काय हवंय तिला?

मंगळवार, ११ मार्च

आज पोरं पुन्हा येणार होती. म्हणून सकाळीच कॅलेंडर काढून खणात टाकलं. करा आता हेरगिरी!

काही उपयोग झाला नाही. फेन्ना दोन मिनिटांत बाहेर. "नुसता खिळाच आहे. वाढदिवस कुठे गेले?" नऊच्या नऊ जणं माझ्याकडे बघायला लागली.

मग बाईचा नवा खेळ. "आता मांजर व्हा. मांजराला हे घर कसं दिसतं?" सगळी जमिनीवर पालथी! टेबलाखाली, खुर्चीखाली, आईच्या कपाटाखाली. मी बाईला बाजूला घेऊन विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला इथे शोधायला?" "काय शोधायला, काका?" चेहरा कसा साळसूद!

गुरुवार, १३ मार्च

दारातल्या पत्रांच्या फटीतून चित्र आत पडलं. फेन्नाचं. चार पाय, वर फळी — आईचं कपाट, पण खालून. शेजारी माझ्या सपाता, उजवीचं भोकसुद्धा काढलंय. आणि फळीला अडकलेला चमचा. टोकाला कोंबडा!

आता सापडली! हिस्केशिवाय या कोंबड्याचं पोरीला सांगणार कोण? पढवून काढून घेतलंय चित्र. उद्या शाळेत जातो, बाईला सरळ जाब विचारतो.

शुक्रवार, १४ मार्च

कोट घातला होता. मग म्हटलं आधी कपाटाखाली बघून घ्यावं, म्हणजे तिथे काही नाही हे बाईला तोंडावर सांगता येईल. जमिनीवर आडवं व्हायलाच पाच मिनिटं लागली.

आहे. खणाच्या मागून घसरून आडव्या फळकुटावर बसलाय. काळा पडलाय. उभ्या माणसाला दिसणारच नाही, आणि मी अकरा वर्षांत एकदाही वाकलो नाही.

बराच वेळ तिथेच पडून राहिलो. लाज वाटली. हिस्केचा रुमाल टेबलावर पडलेला डोळ्यांसमोरून हलेना.

शनिवार, १५ मार्च

कॅलेंडर परत खिळ्यावर. आजच्या तारखेवरची पट्टी सोलली, हिस्केच्या नावाचं शेवटचं अक्षर पट्टीबरोबर निघालं. पेनाने पुन्हा लिहिलं. फोन लावला.

"हिस्के, वाढदिवसाच्या शुभेच्छा. चमचा सापडला. आईच्या कपाटाखाली होता. मी चुकलो."

मग म्हणालो, "कॉफीला येतेस?"

"येते, वीत्से. पर्स घरी ठेवून येते."