वेणी कापल्यावर वाढलेलं वजन

अकोला,
मंगळवार

प्रिय पिंके,

पाकिटात या कागदांबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी आहे. ती आत्ता उघडू नकोस, आधी पत्र वाच. तुला घाई फार, हे मला माहीत आहे. शाळेत असताना गणिताचं उत्तर तू आधी मागच्या पानावर बघायचीस. या वेळी तरी क्रमानं ये. फोनच करणार होते, पण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी 'ललिते, नंतर बोलू' म्हणून ठेवून देतेस.

अमरावतीच्या राजकमल चौकातलं पोस्टर पाहिलं. खांद्यावर पट्टा, डोळे वटारलेले, खाली 'अकरा लढती, अकरा विजय, वऱ्हाडची वाघीण'. छान दिसतेस. कोपऱ्यात पासपोर्टएवढ्या फोटोत माझ्या हाताखाली शिकणारी रागिणी. भातकुलीची, बावीस वर्षांची, चार लढतींत दोन जिंकलेली आणि दोन हरलेली. तुझी ठरलेली प्रतिस्पर्धी आजारी पडली म्हणून आयोजकांनी यादीतलं पुढचं सोपं नाव उचललं. तिला शिकवतं कोण, हे कुणी विचारलं नाही. पोस्टर छापून झाल्यावर ते तुला कळलं, आणि नेमका त्याच दिवसापासून तुझा उजवा खांदा दुखायला लागला. सांगणारी आपली सीमाच, तुमच्या अमरावतीतल्या शाळेवर पीटी शिकवते ती. 'पिंकी खांद्याचं नाटक करून राहिली,' म्हणाली, 'डॉक्टरचं सर्टिफिकेट तयार हाय तिचं. रविवारी काई ते रिंगमध्ये उतरत नाई.'

तू उतरली नाहीस तर रागिणीचं काय होईल ते सांगते. नावाजलेली एकही बॉक्सर तिच्याशी लढायला हो म्हणत नाही, कारण ती खरोखर मारते. त्या दोन हारी तिच्या नव्हेतच. परक्या गावात, परक्या पंचांनी, यजमान पोरीचा हात वर केला होता. तुझ्याविरुद्ध जिंकली तर तिला पट्ट्याची लढत मिळेल. लढत रद्द झाली तर ती पुन्हा कुणाच्या तरी पोस्टरच्या कोपऱ्यात जाईल. तीन महिने झाले, पोरगी रोज भातकुलीहून पहाटेची एसटी पकडते, अमरावतीला बदलते आणि अकोल्याला येते. बुद्धविहारामागच्या मैदानात मी तिच्याकडून दोरीवरच्या उड्या मारून घेते तेव्हा तिच्या पिंढऱ्या थरथरत असतात, पण ती थांबत नाही.

तुझ्याही तयारीचे व्हिडिओ बघते हं मी. चिखलदऱ्याला जाऊन उंचावरचा सराव केलास म्हणे. त्या व्हिडिओत धावणं चार सेकंद आहे आणि कॉफीचा मग अर्धं मिनिट. आपण शिकलो तेव्हा कसं होतं आठवतंय? स्टेडियममागची पत्र्याची शेड, दुसरीच्या घामाचा वास मारणारं हेल्मेट, मेमध्ये हात लावला तर चटका देणारी बॅग. जिंकलं तर प्रमाणपत्र, आणि त्यावर नाव चुकलेलं. प्रोफेशनल बॉक्सिंग आपण फक्त पेपरात वाचलेलं. आता आपल्या गावात डीजे लागतो, धुराच्या नळकांड्या सुटतात, नवरदेवाच्या वरातीला लाजवील अशी मिरवत बॉक्सर येते. मी जुन्याचं रडगाणं गाणारी नाही. हा नवा धंदा नसता तर रागिणीला रिंगच मिळाली नसती, क्रीडा कोट्यानं तिला कधी विचारलं नाही. पण पूर्वी समोर कोण येणार ते चिठ्ठी ठरवायची. आता तू ठरवतेस. तुझ्या अकरांपैकी सहा जणी मी पाहिल्या. एक तर तुझा ठोसा हवेत असतानाच खाली बसली, बिचारीला बसची वेळ गाठायची असेल.

आणि वाईट याचंच वाटतं की तुला याची गरज नव्हती. तुझा डावा हात काय सुंदर चालायचा! सूर्यभान सर म्हणायचे, पिंकीचा डावा म्हणजे सुईदोरा. ते मी आजही नाकारत नाही. तू चांगली बॉक्सर होतीस, मी तुझ्यापेक्षा चांगली होते, एवढंच. सरावात तीनदा आपण पूर्ण लढत खेळलो आणि तीनदा मी जिंकले. हे तुलाही ठाऊक होतं. सर आणखी एक म्हणायचे, ते तुला आठवतं की सोयीनं विसरलीस? 'चॅम्पियन तो, ज्याले माहीत असते का समोरचा आपल्याहून भारी हाय, तरी बी काट्यावर चढते.' आपण हसायचो. सरांचा काटा म्हणजे वजनकाटा, त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तिथेच सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं.

आता त्या सकाळकडे येऊ. दोन हजार नऊ, राज्य संघाची निवड, अठ्ठेचाळीस किलोचा गट. तू एक्कावन्नमधून उतरून माझ्या गटात आलीस, तेव्हा मी खुश झाले होते. वेडी मी! वाटलं, सराव शिबिरात दोघी एकाच खोलीत राहू. आदल्या संध्याकाळी आईनं अर्धी भाकर दिली होती. 'उपाशी पोटी ठोसे कसे खाशीन माय?' म्हणाली, म्हणून खाल्ली. सकाळी बाबांच्या डाळमिलच्या काट्यावर चढून बघितलं, सत्तेचाळीस आठशे. मिलमधले हमाल टाळ्या वाजवून हसले, म्हणाले, देवमनची पोट्टी पोत्यापेक्षा हलकी. मग स्पर्धेचा काटा. आकडे दाखवणारा डबा वायरनं पुढच्या टेबलावर, बाई तिथे बसून लिहून घ्यायच्या. ज्या पोरीचं वजन काठावर, तिनं कपडे उतरवून चढायचं आणि मागून दोघींनी चादर धरायची. माझी चादर एका बाजूनं सीमानं धरली, दुसऱ्या बाजूनं तू.

अठ्ठेचाळीस पाचशे. माझा विश्वास बसेना. एक संधी उरली होती, अर्ध्या तासाची. तू मला हात धरून मोरीत नेलंस, प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री आणलीस आणि म्हणालीस, 'केस काप वो, केसाचंबी वजन असते.' माझी वेणी कमरेपर्यंत. आईनं बारा वर्षं तेल घालून वाढवलेली. कापताना तू रडत होतीस. तुझं ते रडणं मी चौदा वर्षं मैत्रीच्या खात्यात धरून चालले होते. मानेवरचं पाणी पुसलं, तळपाय पुसले, पुन्हा चढले. अठ्ठेचाळीस सहाशे.

वेणी कापली आणि वजन शंभर ग्रॅम वाढलं! कुणाला तरी त्यात काही वावगं दिसायला हवं होतं की नाही? सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'मोरीत जाऊन नळाचं पाणी पेली काय वो?' मी नाही नाही म्हणत राहिले. माझ्यानंतर तू चढलीस, सत्तेचाळीस नऊशे, म्हणजे काटाही ठीकच. मी बाद झाले, जागा तुला मिळाली. तुझं पदक, तुझी नोकरी, पुढचे पट्टे, सगळं त्या सकाळनंतरचं. मी तुझ्या मिरवणुकीत नाचलेसुद्धा, बोडक्या डोक्यानं.

पण त्या दिवशी घरी आल्या आल्या मी काय केलं, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. मी आईवर ओरडले. तूच खायला घातलंस, तुझ्या भाकरीनं माझं वाटोळं केलं, असं म्हणाले. आईनं माझ्या हातातली वेणी घेतली आणि आत निघून गेली. त्यानंतर ती जितकी वर्षं जगली, तितकी वर्षं माझ्या ताटात भाकर वाढण्याआधी विचारायची, 'वाढू ना? वजनाचं काई नाई ना?' मी बॉक्सिंग सोडून सहा वर्षं झाली होती, तरी विचारायची. मला दोन लेकरं झाली, तरी विचारायची. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तिला भात भरवत होते, तर तिनं चमचा माझ्याकडे वळवला आणि पुन्हा तेच विचारलं. मी हसून 'नाई वो माय' म्हणाले. एवढंच म्हणाले. माफी मागायचं सुचलं नाही, कारण तोपर्यंत माझ्याही मनात तिच्या भाकरीचाच दोष होता.

ती गेल्यावर वर्षभरानं, अकोल्यातल्याच एका स्पर्धेत, रागिणी काट्यावर उभी होती आणि मागून चादर मी धरली होती. आकडा एकाएकी सातशे ग्रॅमनं चढला. पोरगी रडकुंडीला आली, 'मॅडम, मी कालपासून काईच नाई खाल्लं!' मी खाली बघितलं. माझ्या डाव्या पायाचा अंगठा काट्याच्या मागच्या कडेवर टेकला होता, चुकून. पाय मागे घेतला, आकडा उतरला. मी ती चादर हातात घेऊन तशीच उभी राहिले. मला दोन हजार नऊची ती काळी रबराची कड दिसली आणि तिच्यावरचा ओल्या अंगठ्याचा ठसा. तेव्हाही दिसला होता, तो माझाच समजले होते. पण माझे पाय तर मी पुसलेले होते, पिंके. आणि माझी टाच त्या कडेपर्यंत पोचतच नव्हती.

सीमाला विचारलं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत, जणू इतकी वर्षं वाटच बघत होती. 'मले दिसलं होतं. दोनी बारी. पण पिंकीनं डोळे वटारले अन् मी चूप बसली. पंधरा वर्साची होती वो मी.' सीमाला मी माफ केलं. त्याला पाच मिनिटं लागली. तुझं दोन वर्षांत जमलं नाही. पहिल्यांदा अंगठा टेकवलास, ते मी एक वेळ समजू शकते, तू अठराची होतीस, हरायची भीती होती, पाय आपोआप गेला असेल. पण वेणी कापून झाल्यावर तरी पाय मागे घ्यायचा होतास. स्वतःच्या हातानं कापलीस, रडलीस, आणि परत येऊन पुन्हा टेकवलास. तिथे तू माझ्या मनातून उतरलीस ती कायमची.

या दोन वर्षांत मी तुझा सूड मनात किती तऱ्हांनी घेतला, सांगितलं तर हसशील. पेपरात छापून आणावं. तुझ्या सत्काराच्या मंचावर चढून माईक ओढावा. शेवटी काहीच केलं नाही. अंगठ्याचा ठसा मी कुठून आणून दाखवू? मग रागिणीला घडवलं. तिला यातलं काही माहीत नाही. सांगितलं तर ती माझ्या रागानं लढेल, आणि रागानं लढणाऱ्याचे हात खाली येतात. तुझा डावा कसा चुकवायचा ते मात्र मी तिला रोज तासभर शिकवते. तो मला अजून पाठ आहे.

आता का लिहिलं ते. शनिवारी दुपारी अमरावतीत वजनं आहेत. मर्यादा पन्नास किलो आठशे. सीमा म्हणते तू अजून वरच आहेस, म्हणजे पोचलीस तरी काठावर पोचशील, कपडे उतरवावे लागतील, चादर लागेल. नियमानं दोन्ही बाजूंची एकेक बाई चादर धरते. रागिणीच्या बाजूनं मी धरणार आहे. मी पाय टेकवणार नाही, आईशपथ. पण तुझा यावर विश्वास बसणार नाही, कारण माझ्या जागी तू असतीस तर टेकवला असतास. आता शनिवारपर्यंत रोज घरच्या काट्यावर चढशील तेव्हा मागे वळून बघशील, आणि शनिवारी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर आकड्याकडे बघायचं सोडून माझ्या पायांकडे बघशील. मला तेवढं पाहायचं आहे. बाकीचं रविवारी रागिणी बघेल. आता पुडी उघड. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत सापडली, खालच्या घडीत, लग्नातल्या लुगड्याजवळ. वजन करून बघितलंय, एकशे चाळीस ग्रॅम. ती मला परत हवी आहे. कुरिअरनं नको, सीमाच्या हातीही नको. खांदा दुखत असला तर डाव्या हातात धर, पण शनिवारी काट्यापर्यंत तू स्वतः घेऊन ये. माझ्या आईची ठेव आहे ती.

तुझी वाट बघणारी,
तुझीच
ललिता