बाहुलीला रागावताना

इंद्रपुरी, भोपाळ

आईस नमस्कार,

आम्ही मजेत आहोत. ह्यांना आता दिवसपाळी मिळाली आहे. तुझा गुडघा कसा आहे?

शाल्मली मराठी बोलते गं, काळजी करू नकोस. घरात हिंदी बोलली की मी लगेच टोकते. पण काल ती बाहुलीशी खेळत होती. “सो जा, मेरी गुड़िया,” म्हणत तिला थोपटलं आणि मग एकदम डोळे वटारून म्हणाली, “नीट बोल! किती वेळा सांगायचं?”

म्हणजे माया शेजारच्या चाचीची, आणि दटावणी तेवढी माझी? मला काही सुचेनासं झालंय. आग्रह सोडावा, तर ती तुझ्याशी बोलणार कशी? धरावा, तर हे असं.

रविवारी फोनवर तिचं काही सुधारू नकोस. मराठीत नुसते लाड कर. मीही शेजारी बसून ऐकेन.

तुझीच,
मंजूषा