पाडाला लागलेले टोमॅटो

१२ नोव्हेंबर १९३४, सोमवार. भोर.
टोमॅटोची नऊ झाडं. फळं लिंबाएवढी होऊन तीन आठवडे झाले, रंग बदलायला तयार नाही. दाबून पाहिली. दगड.
कचेरीत जाण्यापूर्वी अर्धा तास परसात गेला. सौ. म्हणाली, "बघत बसल्याने पिकतात होय?" बी तिच्याच भावाने पुण्याहून पाठवलेलं. त्याला कार्ड टाकलं: फळं धरली, पिकत नाहीत, काय करावे.

१५ नोव्हें.
अक्काने पुन्हा बजावलं. "हिरवी आहेत तोवर भाजी करीन. लाल झालेलं माझ्या स्वयंपाकघरात नको. कापलं की आत नुसतं मांस." सौ.ला माहेरी टोमॅटो खायची सवय. तिने भांडी जरा जोरात ठेवली.
अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. अकराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून याच घरात. आई वारल्यावर मला तिनेच वाढवलं. स्वयंपाकघर तिचं. त्यात वाद नाही.
लाल झालेले पडवीत खायचे, असं ठरलं. आधी लाल होऊ देत.

१८ नोव्हें., रविवार.
कोंडाबाई दूध घालून परसात आली. नदीपलीकडच्या वाडीची, सहा वर्षं आमच्याकडे रतीब आहे. झाडांना शेणखत तिनेच आणून घातलं. पाणीही बहुतेक तीच घालते. ती याला बेलवांगी म्हणते.
"लई पानी पाजताय भाऊसायेब. झाडाला वाटतंय पावसाळाच हाय अजून. जरा तहान लागू द्या, मंग पिकंल."
पाणी एक दिवसाआड केलं.

२१ नोव्हें.
मेहुण्यांचं कार्ड. शेंडे खुडावेत, नवी फुलं काढून टाकावीत, म्हणजे झाडाचा जीव धरलेल्या फळांत जाईल. खालची पानंही कमी करावीत. संध्याकाळी सगळं केलं. हात हिरवे-काळे, वास जाईना. अक्काने बोटं पाहून ताट लांबून सरकवलं.

२४ नोव्हें.
पहाटे कडक थंडी. झाडांवर जुनी धोतरं टाकली. सौ. हसली. शेजारच्यांनी विचारलं, कोणी आजारी आहे काय.

२७ नोव्हें.
आडाकडच्या झाडावर एक फळ पांढुरकं झालं. टोकाशी पिवळी झाक. पाडाला लागलं म्हणायला हरकत नाही. कचेरीत दोनदा आठवण झाली.

२९ नोव्हें.
पिवळं गुलाबी झालं. उद्या.

३० नोव्हें.
नाही. देठ तेवढा फांदीला. वानर असतं तर झाड मोडलं असतं, पाखराने अर्धं टाकलं असतं. जमिनीवर काही नाही.

४ डिसेंबर, मंगळवार.
आणखी दोन पाडाला लागले होते. दोन्ही गेले. एक सकाळी ठीक होता, कचेरीतून आलो तो नाही. म्हणजे दुपारी.
सौ. दुपारी झोपते. अक्का तेव्हा जप करते. परसाचं दार उघडंच असतं.

६ डिसें.
आठ फळं पिवळी व्हायच्या आतच तोडली. आंब्यासारखी अढी घातली: टोपलीत गवत, वर पोतं, पडवीच्या कोपऱ्यात. बाकीची झाडावर, तुलना म्हणून.

१० डिसें., सोमवार.
अढी उघडली. तीन सडली, चार सुरकुतली, एक तांबूस पण आत पाणी. आंबा नव्हे हा. सौ.ने नाक धरून सगळं उकिरड्यावर नेलं.
झाडावरचा एक आज पुन्हा नाहीसा. चांगला रंगला होता.

११ डिसें.
वाईट प्रकार. सकाळी कोंडा दूध मापत होती. सौ. म्हणाली, "दुपारी परसात कोण येतं आमच्या? पाणी घालायला तूच ना? पिकलं की जातंय कुठं?"
कोंडा म्हणाली, "म्या न्हाई घेतलं, वैनी."
सौ. म्हणाली, मग काय पाय फुटले त्यांना? आणि बरंच. कोंडाने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग माप पुरं केलं, चरवी उचलली आणि म्हणाली, "उद्यापासनं दुसरं कुनी बघा." गेली.
अक्का आत तांदूळ निवडत होती. बाहेर आली नाही. मी ओटीवर जोडे घालत होतो. मीही काही बोललो नाही. कचेरीला उशीर होत होता, हे एक कारण.

१३ डिसें.
दूध आता आळीतल्या गवळ्याकडून. पातळ. अक्का चहा घेत नाही, पण एकदम म्हणाली, "कोंडाचं दूध दाट असे."
झाडांना पाणी आता मीच घालतो.

१७ डिसें.
एकादशी. अक्काचा निर्जळी उपास. एक टोमॅटो पुरता लाल झाला होता. रात्रीपर्यंत जागेवर. म्हटलं, चोर गेला. सौ. म्हणाली, "पाहिलंत? ती यायची थांबली आणि राहिलं." उद्या सकाळी तोडायचं ठरवलं.

१८ डिसें.
सकाळी घाईत तोडायचा राहिला. संध्याकाळी नाही.
कोंडा आता येत नाही. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, तिने दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल. तिला तसं वाटत नव्हतं, बोलण्यावरून कळलं.

२० डिसें., गुरुवार.
दुपारी कचेरी लवकर सुटली. बोळातून, परसाच्या बाजूने आलो. कुंपणाशी थांबलो, कारण
अक्का झाडापाशी उभी होती. पाठ अर्धी माझ्याकडे. फळ पदराला पुसलं. दोन्ही हातांनी धरून खाल्लं, सावकाश, वाकून, रस मातीत पडावा म्हणून. डोळे मिटले होते. हनुवटी पुसली. लाल आलवणावर डाग दिसत नाही. मग पायाने माती सारखी केली आणि आत गेली.
मी परत बोळाच्या तोंडापर्यंत गेलो, पुढच्या दाराने आलो, कडी वाजवली. अक्काने दार उघडलं. "आज लवकर रे दिनू?" म्हणाली. हातात माळ.

२१ डिसें.
राग येतो आहे, पण कोणाचा हे नक्की करता येत नाही. कोंडाला सौ. बोलत होती तेव्हा अक्का दहा हातांवर होती.
दुसरं असं की एवढ्या वर्षांत अक्काने एखादी वस्तू मागितल्याचं मला आठवत नाही. एक वेळचं जेवण. कांदा नाही, लसूण नाही, कोणाच्या हातचं नाही. लहानपणी माझ्या पानात साखर जास्त पडे, ती कोणाच्या वाटणीची हे मी कधी पाहिलं नाही.

२३ डिसें., रविवार.
जेवताना सौ.ला सांगितलं, "टोमॅटो मीच खात होतो." ती बघत राहिली.
"तुम्ही? दुपारी कचेरीतून येऊन?"
"मधल्या सुटीत."
"मग मी कोंडाला बोलत होते तेव्हा जोडे कसले घालत बसला होतात?"
ती पानावरून उठली. रडली असावी. अक्का वाढत होती. आमटी वाढली, भात वाढला, मी नको म्हटलं तरी पुन्हा भात वाढला. माझ्याकडे पाहिलं नाही.

२६ डिसें.
सौ. म्हणते, कोंडाकडे तुम्ही जा, पाप तुमचं. जायला हवं. आज कचेरीत काम फार.

२७ डिसें.
काम फार नव्हतं.

३० डिसें., रविवार.
गेलो. नदीच्या उताराला पाणी पोटरीपर्यंत. वाडीत तिचं घर शेवटचं. गोवऱ्या थापत होती. उठली, हात धुतले, घोंगडी अंथरली.
म्हटलं, चुकलं आमचं. टोमॅटो मीच खाल्ले.
हसली. "भाऊसायेब, तुमी कशापायी अंगावर घेताय? म्या बघितलंय आक्कास्नी. दोन बार."
"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"
"काय बोलू? भावजयीम्होरं त्येंची अब्रू घालवू? माजं दूध काय, म्या दुसरीकडं घालंन. त्या कुठं जात्याल?"
म्हटलं, उद्यापासून ये.
"न्हाई. म्या बघितलं हे त्यास्नी ठावं हाय. नजरानजर झाली हुती आमची. म्या रोज दारात दिसले की त्या खायच्या न्हाईत. खाऊ द्या की वो. त्येवढंच."
ताक दिलं. प्यालो. परत येताना उतारावर जोडे हातात धरून बराच वेळ पाण्यात उभा होतो. पाय बधिर.
सौ.ला सांगितलं, येणार नाही म्हणते. कारण सांगितलं नाही.

१ जानेवारी १९३५
कचेरीत नवीन दप्तरं. घरी: दोन टोमॅटो लाल, एक पिवळा. सगळे जागेवर.

४ जाने.
सहा लाल. एकही जात नाही. टोमॅटो मी खाल्ले असं बोललो तेव्हापासून अक्का परसात दुपारी फिरकत नाही. आडावरचं पाणीसुद्धा सकाळीच काढून ठेवते.
पिकावेत म्हणून दीड महिना काय काय केलं. आता पिकतात, आणि सकाळी मी तिकडे जायचं टाळतो.

६ जाने., रविवार.
सौ.ने चार तोडले. पडवीत शेगडी मांडून कोशिंबीर केली, मिरची-दाण्याचं कूट घालून. मला वाढली. आंबट, बरी. याकरता एवढं? सौ. म्हणाली, "आवडतात ना तुम्हाला? चोरून खाण्याइतके." खावी लागली. दुसऱ्यांदाही घेतली.
दारातून अक्का दिसत होती. दिवसाचं पान वाढून घेत होती. वरण, भात, भोपळा.

८ जाने.
दुपारी कचेरीतून मुद्दाम आलो. सौ. झोपलेली. परसातून एक चांगला लाल तोडला, धुतला, तुळशीपाशी अक्का वाती वळत होती तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "अक्का, घे."
ती फळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"
"कोणी नाही. मी पाहिलं."
"कधी?"
"एकादशीनंतर."
वाती वळत राहिली. चार वळल्या. मग म्हणाली, "आणि कोंडाला काय सांगितलंस?"
म्हटलं, मीच खाल्ले म्हणालो, तिने मानलं नाही. ती बोलणार नाही, आणि येणारही नाही. कोंडा काय म्हणाली ते सगळं सांगितलं. न सांगता आलं असतं, पण सांगितलं.
"तू का घेतलंस अंगावर?" म्हणाली.
फळ तिथेच राहिलं. संध्याकाळी पाहिलं, तुळशीच्या कट्ट्यावर तसंच. मुंग्या लागल्या होत्या.

१० जाने.
अक्का अबोल. सौ. मला विचारते, हिला काय झालं? म्हटलं, थंडी बाधली असेल.
झाडांची पानं पिवळी पडू लागली. खालून वाळतात. अजून अकरा फळं हिरवी. ही पिकतील असं वाटत नाही.

११ जाने., शुक्रवार.
सकाळी पाणी घालत होतो. अक्का आडापाशी आली. म्हणाली, "कोंडाचं घर वाडीत कुठल्या अंगाला?"
"शेवटचं. मोठ्या आंब्याच्या पलीकडे. का?"
"विचारलं."
मग झाडांकडे बघून म्हणाली, "खालची वाळकी पानं काढ की. रोग वर चढेल." पहिल्यांदाच झाडांबद्दल काही बोलली.

१२ जाने., शनिवार.
कचेरीतून आलो तर सौ. दारातच. अक्का घरात नाही. दुपारी पान आवरून गेली, देवळात असेल असं सौ.ला वाटलं. देवळात नाही. तिने परसात पाहिलं तर लाल झालेले सगळे टोमॅटो तोडलेले. "तुम्हीच तोडलेत ना?" म्हणाली. म्हटलं, नाही. मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून, तिथेच उभ्या उभ्या. ऐकत गेली आणि पायरीवर बसली. "आणि मी त्या बाईला काय काय बोलले," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "जा तुम्ही. उताराला पाणी आहे."
नदीपर्यंत गेलो. अक्का पलीकडे कधी गेल्याचं मला आठवत नाही. ऊन उतरलं होतं. पलीकडच्या काठावर, पायवाट वाडीकडे वळते तिथे, दोन बायका उभ्या होत्या. एक अक्का, कमरेवर हात ठेवून उभं राहण्यावरून ओळखली. दुसरी कोंडाच असणार. बोलत होत्या की नुसत्या उभ्या होत्या, इतक्या लांबून कळेना. कोंडाच्या हातात काही होतं की नव्हतं तेही दिसेना.
हाक मारायला तोंड उघडलं, मारली नाही. खडकावर बसलो. बऱ्याच वेळाने पाहिलं तो दोघी वाडीच्या बाजूला चालत होत्या, एकीमागे एक.
घरी आलो. सौ.ने विचारलं, दिसल्या? म्हटलं, दिसल्या. काय म्हणाल्या? म्हटलं, ठाऊक नाही.
तिने चूल पेटवली. अक्का घरात नसताना पहिल्यांदाच. तांदूळ किती घ्यायचे, विचारते आहे.